नव्या कपाटाचा वास

2025 ची बकरी ईद जूनच्या सुरुवातीलाच आली. ईदला पाहुणे येणार म्हणून कल्याणच्या आमच्या दोन खोल्यांत भिंतभर कपाट करून घेतलं. लेक दहावीला, तिचं अभ्यासाचं टेबलही त्यालाच जोडून. बजेट बसेना म्हणून प्लायवूडऐवजी पार्टिकल बोर्ड घेतला. दुकानात दर विचारला, प्रत विचारली नाही.

ईद झाली, पाऊस लागला, खिडक्या बंद झाल्या. लेकीचे डोळे चुरचुरू लागले. अम्मींना रात्री खोकल्याची उबळ येऊ लागली. मला मात्र तो वास आवडत होता. उर्दूत खुशबू आणि बदबू असे दोन सरळ कप्पे आहेत. नव्या वस्तूचा वास आपण न विचारता पहिल्या कप्प्यात टाकतो. शिवाय 2014 साली डोंबिवलीत हिरवा पाऊस पडल्यापासून आमच्या भागात कसलाही वास आला, की बोट एमआयडीसीकडे जातं. घरातल्या कपाटाकडे कोण बघतं?

एक दिवस शाळेच्या प्रयोगशाळेत गेलो. बेडकाच्या बरणीचं झाकण सैल होतं. नाकात तोच वास शिरला! विज्ञानाच्या मॅडमनी सांगितलं, हे फॉर्मॅलिन, म्हणजे पाण्यात विरघळलेला फॉर्मल्डिहाइड वायू. लाकडाचा चुरा बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या चिकट रसायनात दाबून पार्टिकल बोर्ड बनतो. हे रसायन स्वस्त आहे, पण उष्ण, दमट हवेत ते थोडं थोडं विघटित होतं आणि वायू महिनोन् महिने बाहेर पडत राहतो. उघड्या कडांतून आणि स्क्रूच्या भोकांतून जास्त. आपला पावसाळा म्हणजे त्याला आमंत्रणच.

मग मी वाचत गेलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणारं द्रव्य ठरवलं. घरातल्या हवेसाठी मर्यादा आहे घनमीटरला 0.1 मिलिग्रॅम. अमेरिकेत 2005 च्या कॅटरिना वादळानंतर बेघरांना सरकारने दिलेल्या ट्रेलर-घरांत हाच वायू जास्त प्रमाणात सापडला. 2010 मध्ये तिथे अशा बोर्डांसाठी कायदा झाला.

डॉक्टर म्हणाले, अम्मींचा दमा जुना आहे, सगळा दोष कपाटाला देता येणार नाही. तरी आम्ही अम्मींचा आणि लेकीचा बिछाना दुसऱ्या खोलीत हलवला, पावसातही समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवल्या आणि उघड्या कडांना पट्टी लावायला सुताराला बोलावलं.

त्याला सगळं सांगितलं. तो हसला. म्हणाला, "सर, आमचे डोळे तर रोजच जळतात. शेजारी धुळीची तक्रार करतात, म्हणून दार-खिडक्या लावूनच बोर्ड कापतो." तोंडाला साधा रुमाल. दिवसाचे दहा तास.

ईदच्या आधी याच माणसाशी मी मजुरीवरून घासाघीस केली होती. तो आत बोर्ड कापत होता, तेव्हा धूळ येते म्हणून दार मीच ओढून घेतलं होतं.

आता मेहुण्याच्या घरी फर्निचर निघालंय. त्याला सांगितलं, बोर्डावर ई-वन, म्हणजे कमी उत्सर्जनाची खूण आहे का बघ, सगळ्या कडा बंद करून घे. आणि काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेव. शेजाऱ्यांशी मी बोलतो.