तीन मुलगे आणि एक खांब

बेळगाव आणि माळवा यांची देवाणघेवाण तशी जुनी. आपल्या सुळेभावीचे शिवपुत्र कोमकाळीमठ कुमार गंधर्व झाले आणि १९४८ मध्ये देवासला जाऊन राहिले, ते कायमचेच. उलट बाजूने पाहा, राहुल द्रविडचा जन्म १९७३ चा, इंदूरचा. मराठी घरातला हा मुलगा बेंगळूरला वाढला आणि कर्नाटकाचा झाला. आपण एक गायक दिला आणि एक फलंदाज घेतला, असा हा चोख व्यवहार! या व्यवहारात आम्ही काय नेलं म्हणाल, तर जून २०१६ मध्ये इंदूरला तीन मुलगे नेले. दहा, आठ आणि पाच वर्षांचे.

यांची बँकेतून बदली झाली होती. मी महाविद्यालयातून बिनपगारी रजा काढली. इथे आमचं मोठं घर, पुढे अंगण, मागे आंब्याचं झाड. घरात काका, आत्या, आजी अशी येती-जाती माणसं. तिथे रामबागेकडे पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आणि वर एक सामाईक गच्ची. मुलांची ताकद तेवढीच, जागा मात्र एक-चतुर्थांश. मग काय होणार ते ज्यांच्या घरी मुलगे आहेत त्यांना सांगायला नको. थोरला दाराच्या चौकटीत हात-पाय रोवून वरपर्यंत चढायचा. मधला खिडकीच्या गजांना लटकायचा. धाकट्याला दोघांसारखं काही जमायचं नाही म्हणून तो पलंगावरून उडी मारायचा आणि आरडाओरडा करायचा. सकाळी चोवीस पोळ्या केल्या तरी दुपारी डबा रिकामा. माझं माहेर शहापूरचं, सासर बैलहोंगलचं, त्यामुळे रागावायला माझ्याकडे दोन भाषा होत्या. 'गप्प बसा' संपलं की 'सुम्म कूडरो!' सुरू व्हायचं. वर्षभरात मुलं एकमेकांना इंदुरी थाटात 'भिया' म्हणायला लागली. म्हणजे भांडायला तिसरी भाषा मिळाली!

गंमत इथपर्यंतच. तीन महिन्यांच्या आत तीन बाजूंनी तीन निरोप आले. खाली राहणाऱ्या घरमालकीणबाई वर येऊन म्हणाल्या, "डोक्यावर छत कोसळेल असं वाटतं हो. दिवाळीपर्यंत दुसरी जागा बघा." मधल्याच्या वहीत शिक्षिकेनं लिहून पाठवलं, की मुलगा अतिचंचल आहे, डॉक्टरांना दाखवा. आणि बैलहोंगलहून सासूबाईंचा फोन, "दोड्डावन्न इल्लि कळसवा." थोरल्याला इकडे पाठवून दे. तीन आहेत म्हणून गोंधळ आहे, दोन राहिले की घर शांत होईल, असा त्यांचा सरळ हिशेब. त्यांच्या मायेबद्दल शंका नव्हती. पण भावांची ताटातूट करून शांतता विकत घ्यायची का, या प्रश्नानं मला आणि यांना चार रात्री झोप लागली नाही. थोरला दाराआडून ऐकत होता. सकाळी त्यानं न सांगता तिघांच्या चपला ओळीत लावून ठेवल्या होत्या. त्या चपला पाहून आम्ही ठरवलं, की राहतील तर तिघे एकत्र राहतील. आता हे जमवायचं कसं?

पहिलं काम डॉक्टरांचं. मुलांच्या डॉक्टरांनी मधल्याला तासभर पाहिलं, आम्हाला दुपटीनं प्रश्न विचारले. त्यांनी समजावून सांगितलं ते सर्वच आईबापांना ठाऊक हवं. खूप धावणारं मूल म्हणजे लगेच एडीएचडी नव्हे. त्याची लक्षणं निदान सहा महिने टिकलेली असावी लागतात, वयाची बारा वर्षं पुरी होण्याआधी दिसलेली असावी लागतात आणि घर, शाळा अशा एकाहून जास्त ठिकाणी दिसावी लागतात. आमचा मधला घरी जुनं घड्याळ उघडून दोन-दोन तास मान खाली घालून बसायचा. त्याची चुळबुळ शाळेच्या शेवटच्या दोन तासांची होती. ज्या मुलाला खरोखर हा त्रास असतो त्याला उपचार मिळायलाच हवेत, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण आमच्या मुलाला औषधाची नाही, मैदानाची गरज होती. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांची रोज सरासरी साठ मिनिटं तरी दमछाक करणारी हालचाल व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोन खोल्यांत ही साठ मिनिटं कुठून आणायची?

उत्तर खालच्या मजल्यावरच होतं. घरमालकीणबाईंचे यजमान, ज्यांना मुलं आजोबा म्हणायची, ते उमेदीची वर्षं एका कापड गिरणीत होते. इंदूर हे एके काळी गिरण्यांचं गाव. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी ही नावं जुन्या माणसांच्या तोंडी अजून असतात. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, इतर गिरण्याही एकेक करून थंडावल्या. पण अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या नावानं निघणाऱ्या रोषणाईच्या झांक्या काही थांबल्या नाहीत. १५ सप्टेंबर २०१६ ला अनंत चतुर्दशी होती. आजोबा म्हणाले, "पोरांना आज माझ्याबरोबर द्या." मी घाबरत दिली.

झांक्यांच्या बरोबर आखाडे चालतात. लाठी फिरवणारे, पट्टा खेळणारे, एकमेकांच्या खांद्यावर उभे राहणारे तरुण. आमच्या दोघा मोठ्यांनी देवादिकांचे देखावे पाहिलेच नाहीत, ते आखाड्यांच्या मागे चालत राहिले. धाकटा आजोबांच्या खांद्यावर झोपला. मध्यरात्र उलटून गेल्यावर परत आले आणि थोरला म्हणाला, "आई, तिथे कुणी त्यांना खाली उतर म्हणत नाही!"

पुढच्याच आठवड्यात आजोबांनी दोघांना ओळखीच्या व्यायामशाळेत नेलं. तिथे मल्लखांब होता. हा खेळ आपलाच. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला नवं जीवन दिलं. मध्य प्रदेशानं २०१३ मध्ये त्याला राज्याचा खेळ ठरवलं, हे मला तिथे जाऊन कळलं. जमिनीत पुरलेला, वर निमुळता होत गेलेला लाकडी खांब, त्याला एरंडेल तेल चोळलेलं. जे मूल घरात चौकटीवर चढलं की ओरडा खातं, ते इथे खांबावर चढलं नाही तर ओरडा खातं! पण सरांचा पहिला नियम वेगळाच होता. पहिले पंधरा दिवस खांबाला हात लावायचा नाही. सूर्यनमस्कार, बैठका आणि वळकट्या. दुसरा नियम, एक जण वर असताना दुसऱ्यानं खाली उभं राहून त्याच्याकडे लक्ष ठेवायचं. घरी एकमेकांचे पाय ओढणारे भाऊ तिथे एकमेकांचे पाय सांभाळायला लागले.

व्यायामशाळा पहाटेची. पहाटे साडेपाचला मुलांना नेणं हे यांच्या वाट्याला आलं. "बँकेत दिवसभर बसून असता, सकाळी तुम्हालाही चालणं होईल," एवढंच मी म्हटलं. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथे पडला. मुलग्यांना आवरणं हे आपल्याकडे आईचं काम समजतात आणि शिक्षा करणं बापाचं. दिवसभर आईनं 'येऊ देत तुझे बाबा' म्हणायचं आणि संध्याकाळी दमून आलेल्या माणसानं फौजदार व्हायचं, यात मुलांच्या वाट्याला बापाचा फक्त रागच येतो. शेजारच्या एक बाई मला म्हणायच्या, "दोन ठेवून द्या, आपोआप सुधारतील." शाळेत मुलांना मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी केली, घरात मात्र आपण तो उपाय अजून जपून ठेवलाय. मार खाल्लेलं मूल दहा मिनिटं गप्प बसतं आणि अकराव्या मिनिटाला धाकट्या भावावर हात उचलतं. आपण शिकवलेलंच ते करून दाखवतं.

आता घरातली गोष्ट. दोन खोल्यांत तिघांचा अभ्यास कसा व्हावा? याचं उत्तर मला महूला मिळालं. महू इंदूरपासून जवळ, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं जन्मगाव. एका रविवारी तिथलं स्मारक पाहून पुढे पातालपाणीच्या धबधब्याला जायचं ठरलं होतं. स्मारकात फिरताना मी मुलांना रामजी सुभेदारांची गोष्ट सांगितली. चौदा अपत्यं झाली, त्यातली मोजकीच जगली. बाळाराम, आनंदराव आणि भीमराव असे तीन मुलगे. १८९६ मध्ये आई गेली, मग आत्या मीराबाईंनी मुलांना सांभाळलं. पुढे मुंबईत परळला चाळीतली एकच खोली. तर हे वडील स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहायचे, दोन वाजता भीमाला अभ्यासाला उठवायचे आणि मग आपण झोपायचे. जागा वाटून देता येत नव्हती, तेव्हा त्या बापानं वेळ वाटून दिली आणि त्यासाठी स्वतःची झोप दिली. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. आमचे मुलगे सामान्य आहेत, आणि आमची अडचण त्या घरापुढे काहीच नव्हती. पण वेळ वाटून घेण्याची युक्ती कुठल्याही घराला उपयोगी पडावी अशी आहे.

आम्ही तसंच केलं. संध्याकाळी सात ते आठ थोरल्याचा अभ्यास आतल्या खोलीत, तेव्हा मधला स्वयंपाकघरात माझ्याबरोबर. आठ ते नऊ उलट. भांडण करायचं असेल तर गच्चीवर, आणि तेही खाली ऐकू न जाईल अशा आवाजात. बारीक आवाजात भांडण फार वेळ चालत नाही, हा माझा अनुभव.

स्वयंपाकघरात मुलग्यांना काय काम, असं कुणी विचारेल. पोहे भिजवणं, शेंगदाणे भाजणं, पोळ्यांना तूप लावणं, ताटं घेणं. हलकी कामं देऊन भागत नाही, मुलांना ती खोटी वाटतात. ज्या कामावाचून घर अडतं तेच काम द्यायला हवं. धाकट्याच्या वाट्याला कचरा आला. इंदूरमध्ये सकाळी गाणं वाजवत कचऱ्याची गाडी येते, ओला आणि सुका वेगळा केला नसेल तर घेत नाहीत. गाणं ऐकू आलं की पाच वर्षांचा हा वीर दोन बादल्या घेऊन आजोबांबरोबर दारात हजर! २०१७ मध्ये इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलं. पेपरात ते वाचून दाखवल्यावर तो गंभीरपणे म्हणाला, "माझ्यामुळे." नंतरही इंदूरनं तो मान सोडला नाही आणि दर वेळी आमच्या घरी त्याचं श्रेय कोण घेतं हे सांगायला नको.

घरमालकीणबाईंनी दिवाळीचा विषय पुन्हा काढला नाही. दिवाळीत उलट त्यांनीच थोरल्याला माळ्यावरची पितळी भांडी उतरवायला बोलावलं, मधल्यानं त्यांचं बंद पडलेलं घड्याळ चालू केलं. गोंधळ पूर्ण थांबला असं मात्र समजू नका. मधल्यानं मल्लखांबावरून पडून मनगट मोडून घेतलं, धाकट्यानं पाण्याच्या टाकीत बादली सोडली. फरक इतकाच, की दिवसाचा शेवट रडण्या-ओरडण्यात होईनासा झाला. रात्री नऊ वाजता तिघेही गाढ झोपलेले असायचे. माळव्याची रात्र उन्हाळ्यातही गार, गच्चीवर बसून मी तीन वर्षांनी पुन्हा शिकवायला लागणाऱ्या कवितांची टिपणं काढायची. बिनपगारी रजेत मला मिळालेला तोच पगार.

जून २०१९ मध्ये आम्ही बेळगावला परतलो. आज थोरला विशीला टेकलाय, हुबळीत इंजिनिअरिंग शिकतो आणि खोलीवर स्वतःचा स्वयंपाक करतो. मधला आंब्याला दोर बांधून गल्लीतल्या लहान मुलांना दोरीचा मल्लखांब दाखवतो, खाली जाड गादी घालून आणि एक मुलगा लक्ष ठेवायला उभा करून. धाकटा आता माझ्यापेक्षा उंच आहे.

या पानावर लिहिते म्हणून काही मैत्रिणी विचारतात, मुलगे शांत कधी होतात? वयाप्रमाणे होतातच, त्यात आपलं कर्तृत्व नाही. तोवर त्यांना रोज तासभर दमवा, घराचं खरं काम द्या, बापाला सकाळी उठवा, आणि गोंधळ वाढला म्हणून भावंडांची वाटणी करू नका. बाकीचं ते एकमेकांकडून शिकतात.

बैलहोंगलला सासूबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. उन्हाळा आला की शेंगांची पोती माळ्यावर चढवायची असतात, पाण्याची टाकी धुवायची असते, आंबे उतरवायचे असतात. एप्रिल लागला की त्यांचा फोन ठरलेला, "मूरू मंदीन कळसवा." तिघांनाही पाठव.