भूत हवं, पण बडोद्याचं

आमच्या दहा मिनिटांच्या शॉर्ट फिल्ममध्ये एका आजीचं भूत आहे. वाडा पडायला आलाय, घरचे सगळे वासणा रोडच्या फ्लॅटमध्ये गेलेत, पण आजी रोज तिन्हीसांजेला दिवा लावायला येते. गोष्ट चार दिवसांत लिहून झाली. आजी मिळायला महिना लागला.

पहिली ऑडिशन सूरसागरजवळ, कॉलेजच्या रिकाम्या वर्गात घेतली. या भागात कलाकारांना तोटा नाही. सयाजीरावांनी १८८६मध्ये काढलेली गायनशाळा म्हणजेच आजची विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी, तीही इथेच. मुली तयारीच्या होत्या. पण भूत म्हटलं की प्रत्येकीने केस मोकळे सोडले, आवाज खोल नेला. शिवाय मराठी सगळ्यांचं टीव्ही मालिकेतलं. आमची आजी दांडियाबाजारातली!

मग रावपुरा, मांडवी असं पायीच फिरलो. तांबेकर वाड्यात भिंतीभर चित्रं आहेत, पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे. बिनचित्रांच्या साध्या वाड्यांना असं कोण राखणार?

तिथून पुढे एका पोळात, ओट्यावर एक आजी पापडी निवडत बसल्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "नको रे बाबा, मला ॲक्टिंग आवडत नाही." पुण्याहून शिकायला आलेला आमचा कॅमेरामन हिरमुसला. मला मात्र हसू आलं. गुजरातीत 'आवडणं' म्हणजे येणं. आजींना ॲक्टिंग येत नव्हती, एवढंच! आणि आम्हाला हवं होतं ते हेच मराठी.

हरकत घेतली सुनेने. "सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईला मेलेली दाखवणार?" तिचं चुकीचं नव्हतं. विशीतली मुलगी भूत झाली की गंमत वाटते, इथे तसं नव्हतं. आजींनी गोष्ट दोनदा वाचून घेतली. दिवा लावीन म्हणाल्या, पण भिंतीवर हार घातलेला फोटो नको. खोटासुद्धा नको.

आजी हयात नाही हे आमच्या पटकथेत त्या फोटोवरूनच कळायचं. दोन दिवस आम्ही भांडलो. शेवटी फोटो गेला. भिंतीवर उरला नुसता खिळा आणि त्याखाली फिकट चौकोन.

शूटिंगला आजींनी दिवा लावला, वर पाहिलं आणि विचारलं, "इथलं काय नेलंत रे?"

हे संवादात नव्हतं. तसंच ठेवलंय.