बीचा गुण की हवेचा दोष?

रात्री वाडग्यात काढून ठेवलेले हिरवेगार ग्वाकामोले सकाळी तपकिरी झाले होते. बेंगळुरूच्या वसतिगृहात राहणाऱ्या त्या विद्यार्थिनीने कोडगूच्या मळ्यांतून आलेले अव्होकॅडो, तिकडच्या बोलीत ‘बटर फ्रूट’, कुस्करून केलेल्या त्या चटणीत ऐकीव सल्ल्यानुसार फळाची बी रोवून ठेवली होती. बी उचलली, तेव्हा तिच्याखालचा तेवढा गर मात्र हिरवा निघाला.

बीमध्येच काही संरक्षक द्रव्य असावे, असे मानून तिला थांबता आले असते. ती थांबली नाही. दुसऱ्या रात्री तिने बीच्या जागी स्टीलची छोटी वाटी दाबून ठेवली. सकाळी वाटीखालचा गरही तितकाच हिरवा होता.

गुण बीचा नव्हता; हवा अडवण्याचा होता.

अव्होकॅडो कुस्करताना त्याच्या पेशी फुटतात. एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत राहणारी फिनॉलवर्गीय संयुगे आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर एकत्र येतात. ऑक्सिजनच्या साहाय्याने विकर त्या संयुगांचे क्विनोनमध्ये रूपांतर करते आणि क्विनोन परस्परांशी जोडले जाऊन तपकिरी रंगद्रव्य बनते. कापलेले सफरचंद काळवंडते ते याच क्रियेने. आसामात काळा चहा तयार करताना हीच क्रिया मुद्दाम घडवून आणतात; चहाचा तांबूस रंग ही तिचीच देणगी.

लिंबाचा रस येथे दुहेरी काम करतो. त्यातील आम्ल विकराला मंदावते, तर क जीवनसत्त्व क्विनोनना पुन्हा मूळ रूपात आणते. प्लास्टिकचा पातळ कागद गराला चिकटेल असा दाबून बसवला, की हवेला जागा उरत नाही. थंडीने क्रियेचा वेग आणखी घटतो. मात्र हे सारे उपाय काळवंडणे लांबवतात, टाळत नाहीत.

अखंड फळाची गोष्ट वेगळी. अव्होकॅडो झाडावर पिकत नाही, तोडल्यावरच मऊ होते. म्हणून कच्चे फळ बाहेर ठेवावे. घाई असल्यास केळ्यांच्या सोबतीने, कारण केळ्यांतून निघणारा इथिलीन वायू त्याला लवकर पिकवतो. पिकलेले फळ फ्रीजमध्ये ठेवावे.

आपल्याकडे वांगी चिरून पाण्यात टाकतात, तीही हवा तोडण्यासाठीच. त्याच न्यायाने 2022 मध्ये अखंड अव्होकॅडो पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवण्याची युक्ती समाजमाध्यमांवर पसरली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिच्याविरुद्ध इशारा दिला: सालीवरचे लिस्टेरिया, साल्मोनेलासारखे जिवाणू पाण्यात वाढू शकतात. लिस्टेरिया तर फ्रीजच्या थंडीतही वाढतो आणि गर्भवतीच्या पोटातील बाळाच्या जिवावर बेतू शकतो. वांगे काही वेळातच विस्तवावर चढते. अव्होकॅडो कच्चेच खाल्ले जाते.

हवेने केवळ तपकिरी झालेला थर चमच्याने खरवडून टाकता येतो. पाण्यात राहून हिरव्यागार दिसणाऱ्या फळात काय वाढले आहे, ते डोळ्यांना दिसत नाही. टवटवी म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे त्या वाडग्यापाशी शिकण्यासारखे आहे.