लोकलमध्ये जात नसते म्हणे

'मुंबईत कुठे आली जात? लोकलमध्ये कोणी कोणाची जात विचारतं का?' हे आम्हाला इतक्यांदा ऐकवले गेले आहे की आता उत्तर पाठ झाले आहे. जात विचारत नाहीत, पत्ता विचारतात.

सकाळच्या कल्याण फास्टमध्ये एकाचा घाम दुसऱ्याच्या शर्टाला लागतो, हे खरेच. पण त्याच डब्यात गप्पा सुरू होतात. कुठे उतरणार? घाटकोपर. ईस्ट की वेस्ट? ईस्ट. ईस्टला कुठे? इथपर्यंत आवाज मोकळा असतो. 'रमाबाई नगर' म्हटले की समोरचा 'अच्छा' म्हणतो आणि मोबाइलमध्ये डोके घालतो. स्टेशन सगळ्यांचे एकच असते; जात जिना उतरल्यावर सुरू होते. म्हणून आम्ही काही मित्रमैत्रिणी सुट्टीच्या दिवशी लोकलने एखाद्या स्टेशनवर उतरतो आणि तिथून पुढे पायी हिंडतो.

परळला उतरलो. केईएम रुग्णालयाच्या बाजूने पोयबावडीला गेलो. इथल्या बीआयटी चाळ क्रमांक १ मध्ये दुसऱ्या मजल्यावर बाबासाहेब १९१२ ते १९३४ अशी बावीस वर्षे राहिले. खोल्या ५० आणि ५१. नळ सामाईक, संडास सामाईक, व्हरांड्यात चाळीचा गलका. परदेशातल्या पदव्या घेऊन माणूस याच दोन खोल्यांत परत आला. तिथून बाबासाहेबांच्याच नावाच्या रस्त्याने हिंदमाता, दादर टीटी करत हिंदू कॉलनीतल्या राजगृहापर्यंत चालत पाऊण तास पुरतो. त्यांना मात्र बावीस वर्षे लागली. हे अंतर पुस्तकात वाचून कळत नाही, पाय दुखले की कळते.

याच भागात गिरण्या होत्या. 'गिरणीत सगळे कामगार, तिथे कसली जात', हेही आम्ही ऐकतो. साचेखात्यात मजुरी जास्त होती. पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि महार कामगाराच्या ओठाला लागलेला धोटा इतरांना चालत नसे. म्हणून त्याला त्या खात्यात प्रवेशच नाही! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. संपासाठी एकजूट हवी होती, धोट्यासाठी नको होती. आज त्या जागांवर मॉल आणि काचेचे टॉवर आहेत. धोट्याची गोष्ट सांगणारी पाटी आम्हाला तरी कुठे दिसली नाही.

पाट्यांचेच बोलायचे तर फोर्टमध्ये बघा. हेरिटेज वॉकवाले पाहुण्यांना व्हिक्टोरियन कमानी दाखवत फिरतात. तिथेच सिद्धार्थ महाविद्यालय आहे, १९४६ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सुरू केलेले. दिवसा नोकरी करणाऱ्या पोरांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग. आम्ही अशा एका घोळक्यामागे मुद्दाम चालत राहिलो. कमानींवर बराच वेळ गेला, बुद्ध भवनासमोर कोणी थांबले नाही. त्यांना दोष देऊन काय होणार? आपले वॉक आपण काढत नाही, ही खरी अडचण.

आपलीही सवय तपासली पाहिजे. ६ डिसेंबरला लाखो लोक येतात. दादर स्टेशन, चैत्यभूमी, पुस्तकांचे स्टॉल, परत दादर स्टेशन. रांगेत तासन्‌तास उभे राहिलेल्या माणसाला आम्ही हे सांगतो आहोत याची लाज वाटते, पण तरुणांनी तरी एक दिवस जास्त राहावे. घाटकोपर पूर्वेला उतरून हमरस्त्यापर्यंत चालत जावे. ११ जुलै १९९७ ला पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या वस्तीवर राज्य राखीव दलाने गोळीबार केला आणि दहा जण मेले, ती जागा आणि तो पुतळा पाहावा. आता तिथेही पुनर्विकास आला आहे. घर पक्के मिळावे, हा हक्कच आहे. पण नव्या इमारतींच्या नकाशात ११ जुलै कुठे असेल, हे आत्ताच विचारायला हवे. बांधून झाल्यावर कोणी ऐकत नाही.

पुढच्या रविवारी वरळी. बीडीडी चाळी एकेक करून पडत आहेत. १९७४ च्या दंगलीत कुठल्या चाळीतून कुठल्या चाळीवर दगड आले, पँथरची पोरे कुठे लपली, हे सांगणाऱ्या म्हाताऱ्या बाया अजून तिथे आहेत. त्या ट्रान्झिट कॅम्पात पांगण्याआधी वही घेऊन जायचे आहे. सकाळी नऊला लोअर परळ, पश्चिमेच्या तिकीट खिडकीपाशी.