आळणी भात

लिस्बनच्या रोसियू चौकातली फरसबंदी लाटांची आहे. काळ्या-पांढऱ्या दगडांच्या नागमोडी पट्ट्यांवरून चालताना, रात्रभर विमानात न झोपलेल्या माणसाला जमीन खरोखरच हलतेय असं वाटतं. मी खाण्यावर लिहिणारी बाई. परक्या गावात पोचलं की आधी बाजार, मग बेकरी, देऊळ-चर्च जमलं तर, असा माझा क्रम. इथे तो पहिल्याच सकाळी उलटा झाला. मला जायचं होतं त्या टीचभर दुकानात जिंजिन्या नावाची आंबट चेरीची दारू मिळते, आणि सकाळी अकराला एकटीने दारू मागायची जरा लाज वाटली. जवळच चर्च होतं. तेव्हा आधी चर्च.

साऊँ दोमिंगुशच्या आत शिरले आणि लाजबीज विसरले. 1959 साली हे चर्च आगीत जळलं. पुढे 1994 साली ते पुन्हा उघडलं, पण कुणी त्याला गिलावा करून नवंकोरं केलं नाही. खांब उलून फुटलेत, दगडांचे पापुद्रे सुटलेत आणि भिंतींना फिकट तांबूस रंग तेवढा लावलाय. उन्हाळ्यात तापून तडकलेली जमीन कुणीतरी उभी करून ठेवावी, तसे ते खांब दिसतात.

आगीच्याही आधीची एक गोष्ट या जागेला चिकटलेली आहे. एप्रिल 1506. शहरात प्लेग, त्यात दुष्काळ. प्रार्थनेला जमलेल्या लोकांपैकी कुणाला तरी इथे क्रूसावर दिव्य प्रकाश दिसला. एकजण म्हणाला, मेणबत्तीचा उजेड असेल. तो म्हणणारा ‘नवा ख्रिस्ती’ होता, म्हणजे 1497 साली राजा मानुएलने सक्तीने बाटवलेल्या ज्यूंपैकी. त्याला ओढत बाहेर नेऊन मारलं, आणि मग तीन दिवस शहरभर कत्तल चालली. मेलेल्यांचा आकडा साधारण दोन हजार धरतात. बाहेरच्या चौकात आता त्यांच्या नावाने एक दगड उभा आहे, त्यात दाऊदचा तारा कोरलेला.

त्या दगडापासून हाकेच्या अंतरावर जिंजिन्याचं दुकान, 1840 पासूनचं. गल्ल्यावरचा माणूस एवढंच विचारतो: ‘त्यांच्यासकट की त्यांच्याशिवाय?’ त्या म्हणजे चेरी. मी ‘सकट’ म्हटलं. औषधाच्या मापाएवढा पेला, दाट लालभडक, गोड आणि मग घशात आंबट. बिया तोंडातल्या तोंडात घोळवून लोक तिथेच टाकतात, त्यामुळे दुकानापुढची जमीन चपलेला चिकटते. शेजारी आफ्रिकेतून आलेली मंडळी घोळक्याने गप्पा मारत उभी होती. चर्च, दगड, दारू, सगळं पन्नास पावलांत.

रोसियू चौकाच्या उत्तरेला सहा खांबांचं देखणं नाट्यगृह आहे. ते 1846 सालचं. त्याआधी त्या जागी जो वाडा होता, त्यात इन्क्विझिशनचं कार्यालय भरायचं. पोर्तुगालमध्ये ही धर्मचौकशी 1536 साली आली आणि 1821 पर्यंत टिकली. सुरुवातीलाच लोकांना एक यादी वाचून दाखवली गेली: शेजारी लपूनछपून ज्यू आहे हे कसं ओळखाल? शनिवारी धुतलेला सदरा घालतो का? शनिवारचं जेवण शुक्रवारीच रांधून ठेवतो का? डुकराची चरबी, ससा, वाम, बिनखवल्यांचा मासा टाळतो का? यादीत ऑक्टोपससुद्धा होता. आज लिस्बनमध्ये तोच ऑक्टोपस ऑलिव्ह तेलात न्हाऊन दर दुसऱ्या टेबलावर येतो.

म्हणूनच दुपारी मला अल्येइरा खायचं होतं. मोरारिया भागातल्या चढावर सहा टेबलांची एक खाणावळ सापडली. बसताक्षणी न मागता पाव, ऑलिव्ह, चीज पुढे आलं. पाहुणचार समजून मी सगळं फस्त केलं आणि बिलात त्याचे पैसे बघून चरफडले. इथली रीतच ती, नको तर परत पाठवायचं. आपला ‘पाव’ हा शब्द ज्यांच्याकडून आला त्यांनी तो फुकट द्यावा, ही माझीच अपेक्षा जरा जास्त होती.

अल्येइरा म्हणजे सॉसेज. ईशान्येकडच्या त्राझ-उश-मोंतिश या डोंगराळ मुलखातलं, त्यातही मिरांदेला गावचं नावाजलेलं. नाव लसणावरून. कथा अशी की नवख्रिस्त्यांच्या धुराड्यात डुकराची सॉसेजं टांगलेली नसली की शेजाऱ्यांना संशय यायचा. म्हणून त्यांनी कोंबडी, पाव आणि लसूण भरून हुबेहूब तशीच सॉसेजं टांगली. कथा फार सुंदर आहे आणि म्हणूनच मला तिचा भरवसा वाटत नाही. सारणात ससाही घालत, असंही तीच कथा सांगते, आणि ससा तर ज्यूंना निषिद्ध! अभ्यासकही तिच्याकडे संशयानेच बघतात. आज बहुतेक अल्येइरांत डुक्कर बिनदिक्कत असतं.

माझं अल्येइरा तळून आलं. नालाच्या आकाराचं, साल कुरकुरीत, सुरी लावली तर आतून पाव आणि मांसाचा मऊ, लसणाळलेला लगदा. वर अर्धकच्चं अंडं, बाजूला सलगमचा पाला. बटाट्याच्या काचऱ्यांऐवजी मी भात मागितला होता. पहिल्या घासाला थांबले. भात खारट नव्हता, पण मीठ घालून शिजवलेला होता.

आमच्याकडे वरणभाताचा भात आळणीच. ताटात लिंबाच्या फोडीशेजारी चिमूटभर मीठ, लागेल तसं घ्यायचं. यात धर्मबिर्म काही असेल हे अनंत काकबा प्रियोळकरांचं गोव्याच्या इन्क्विझिशनवरचं पुस्तक वाचेपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. गोव्यातली धर्मचौकशी 1560 ते 1812, मधली काही वर्षं वगळता. एप्रिल 1736 च्या फर्मानात अंगणातली तुळस, पुरुषांचं धोतर, बायकांची चोळी यांच्या रांगेत हेही कलम आहे: हिंदूंसारखा मिठावाचून भात शिजवून वरून मीठ घ्यायचं नाही. फर्मान काढणाऱ्याने हे टिपायला कुणाच्या तरी चुलीपाशी किती वेळ बसून काढला असेल!

दुसऱ्या दिवशी मी मेट्रोने तेजो नदीकाठच्या गार्सिया द ओर्ताच्या नावाच्या बागेत गेले. हा ज्यू घराण्यातून बाटलेला वैद्य लिस्बनच्या विद्यापीठातली नोकरी सोडून 1534 साली गोव्याला निघाला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होतं. 1563 साली गोव्यात छापलेल्या त्याच्या औषधींच्या ग्रंथात आंब्यावरच्या संवादात मुंबईहून आंब्यांची करंडी येते. माझ्या मते खाण्यावर लिहिणाऱ्यांचा तो आपल्याकडचा एक मूळपुरुष. 1568 मध्ये तो बिछान्यात मेला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गोव्यात जिवंत जाळलं. 1580 मध्ये त्याचीही हाडं उकरून जाळली. बागेत ऊन छान होतं आणि पोरं सायकली फिरवत होती.

परत येताना त्याच खाणावळीत गेले. मालकीणबाईंनी ओळखलं. या वेळी पाव मी हाताने परत केला आणि म्हटलं, भात द्या, पण शिजवताना मीठ घालू नका. त्या थबकल्या. भात सकाळीच झालाय, म्हणाल्या, पण थोडा वेगळा टाकते. मग माझ्याकडे जरा वाकून, काळजीने विचारलं, ‘ब्लडप्रेशर?’

इतकं सगळं मोडक्या पोर्तुगीजमध्ये कुठून सुरू करणार? मी मान हलवून हो म्हटलं.

भात आला. वाफाळता, मोकळा, अगदी घरच्यासारखा. ताट ठेवून बाईंनी टेबलावरची मिठाची बाटली उचलली आणि आत घेऊन गेल्या.