जामीनदार आणि वाय-अ‍ॅक्सिस

माणसाने एक वेळ विहिरीत उडी घ्यावी, पण मेहुण्याच्या कर्जाला जामीन राहू नये. हे मी अधिकाराने सांगतोय. थकलेल्या कर्जांच्या जामीनदारांना नोटिसा पाठवण्याचं काम आमच्या बँकेत मीच करतो. तरीही मी राहिलो. सही करताना शेजारी आमची ही उभी होती, एवढंच सांगतो.

मेहुण्याचं भोसरीला वर्कशॉप आहे. या कर्जातून त्याने एक सेकंडहँड सीएमएम घेतलं. म्हणजे मापं घेणारं मशीन. ग्रॅनाइटचा हा एवढा थोरला ओटा, त्यावर मागेपुढे सरकणारा पूल, पुलातून लोंबणारी काडी आणि काडीच्या टोकाला माणकाचा इवलासा मणी. मणी जॉबला जिथे टेकेल तिथलं माप मशीन मायक्रॉनमध्ये सांगतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माझ्या पत्रिकेला माणिक वर्ज्य आहे, हे मला फार उशिरा कळलं.

एका गुरुवारी रात्री फोन आला.

"भावोजी, वाय गेला!"

"अरेरे! केव्हा? आणि कोण हा?"

"वाय-अ‍ॅक्सिस हो! ड्राइव्ह एरर येतेय. सोमवारी चाळीस पीस रिपोर्टासकट जायला हवेत. नाही गेले तर हप्ता..."

हप्ता हा शब्द ऐकताच मी शुक्रवारची रजा टाकली.

मेहुण्याने समजावलं ते असं. कंट्रोलर वायला सांगतो, शंभरावर जा. तो अठ्ठ्याण्णवावरच रेंगाळतो. सांगितलेलं आणि झालेलं यांत ठरावीकपेक्षा जास्त फरक पडला, की कंट्रोलर मोटर तोडून मोकळा. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आमच्याकडे याला कॅशमधला फरक म्हणतात. फरकाला नऊने भाग गेला, तर कोणीतरी ५४ चे ४५ लिहिलेत का ते आधी बघायचं. मी एररचा नंबर नऊने भागून पाहिला. भाग गेला नाही. मेहुण्याने माझ्या हातातला कागद हळूच काढून घेतला.

त्याने मोटर तपासली, केबली हलवून पाहिल्या, स्केल पुसली, ओटा पुसला. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. ते शहाण्यासारखं चालायचं आणि मध्येच अडायचं. मी स्टुलावर बसून वहीत वेळा मांडू लागलो. कॉमर्सवाल्याला दुसरं येतं काय? १०.५८, १२.५७, ३.५९.

"अरे," मी म्हटलं, "हे मशीन आमच्या स्टाफसारखं आहे. चहा-जेवणाच्या आधी दोन मिनिटं उठतंय."

मेहुण्याने बाहेर पाहिलं. सुट्टीच्या आधी पोरं एअरगनने अंगावरचा लोखंडाचा कीस झाडत होती. चांगली दहा-बारा जणं, एकदम! आणि सगळ्यांचा कॉम्प्रेसर एकच. तो अवजड पूल काही मायक्रॉन हवेवर तरंगतो. त्या हवेला पाच बारच्या आसपास दाब लागतो. दाब उतरला, की पूल दगडावर टेकतो, घासतो आणि मागे पडतो. बिचाऱ्या वायचा काही गुन्हा नव्हता. सगळ्यांत जड ओझं त्याच्याकडे, म्हणून आधी ओरडायचा तोच.

"पण त्याला प्रेशर-स्विच आहे ना!" मेहुणा म्हणाला. "त्याने आधीच मशीन थांबवायला हवं."

हेल्पर छताकडे बघू लागला. "तो सारखाच बंद पाडत होता साहेब. म्हणून तार जोडून टाकली."

मेहुणा त्याच्या अंगावर धावला. मी मध्ये पडलो. आमच्या शाखेतली धोक्याची घंटा अवेळी वाजते, म्हणून शिपायाने तिच्यात पुठ्ठा घातला होता. पुठ्ठा मीच आणून दिला होता.

तार काढली. एअरगनी कपाटात गेल्या. दगडावर चरे नव्हते, हे नशीब. शनिवारी वाय लोण्यासारखा सरकला, चाळीसही पीस मोजून झाले आणि रिपोर्ट आला. सात पिसांची भोकं बारा मायक्रॉनने बाहेर!

मेहुणा माझ्याकडे असा बघायला लागला, की जणू भोकं मीच पाडली होती.

"बंद होतं तेच बरं होतं की!" रात्री ही म्हणाली. "तुम्हांला कोणी सांगितलं होतं वही काढायला?"

रविवारी रात्रभर लेथ-ड्रिल चालवून त्याने सात पीस नवे केले. माल सोमवारी गेला. पैसे साठ दिवसांनी मिळणार आहेत. हप्ता मात्र दहा तारखेला आहे. नोटिशीचा मसुदा मी सवयीने टाईप करून ठेवलाय. जामीनदाराचा पत्ता तेवढा घालायचा राहिलाय. तो मला पाठ आहे.