आमचा तर्काभ्यास

कायद्याचें शिक्षण घ्यावयाचें, असें आम्हीं या शाळेच्या दहावीच्या वर्गांत असतांनाच ठरविलें होतें. त्यामागें कांहीं थोर विचार होता, अशांतला भाग नाहीं. वक्तृत्वस्पर्धेंत दोन वेळां बक्षीस मिळालें होतें, आणि घरच्या वादांत आम्ही सहसा हार जात नसूं. एवढ्या भांडवलावर आपण वकील होण्यासाठींच जन्मलों आहों, अशी आमची खात्री होऊन बसली होती. शाळा सोडल्यावर अकरावी-बारावीचीं दोन वर्षें प्रवेशपरीक्षेच्या तयारींत गेलीं. त्या तयारींतील एका विषयानें आमच्या खात्रीची काय गत केली, तें या वार्षिकाच्या वाचकांस सांगावें, म्हणून हा लेख लिहीत आहों.

बारावीनंतरच्या पांच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठीं राष्ट्रीय विधि विद्यापीठांत प्रवेश पाहिजे असल्यास ‘क्लॅट’ नांवाची परीक्षा द्यावी लागते. पूर्वीं प्रत्येक विद्यापीठ आपली परीक्षा निराळी घेत असे. सन २००८ पासून बहुतेक विद्यापीठांची मिळून ही एकच परीक्षा होऊं लागली. आपल्या महाराष्ट्रांतील मुंबई, नागपूर व छत्रपति संभाजीनगर येथील तिन्ही विद्यापीठें तींत आहेत. दोन तासांत १२० प्रश्न सोडवावयाचे. बरोबर उत्तरास एक गुण, आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तरामागें पाव गुण वजा. इंग्रजी, चालू घडामोडी, कायदेविषयक तर्क, सामान्य तर्क व अंकगणित असे तिचे पांच भाग आहेत. सामान्य तर्काच्या वांट्यास २२ ते २६ प्रश्न येतात.

या तर्काच्या प्रश्नांचें रूप सन २०२० पासून पालटलें आहे. पूर्वीं संख्यांच्या मालिका आणि नात्यागोत्यांचीं कोडीं यांवर भर असे. आतां मुख्यत्वें साडेचारशें शब्दांच्या आसपासचा एक उतारा देतात, आणि लेखकाचा निष्कर्ष कोणता, त्यानें न सांगतां काय गृहीत धरिलें आहे, कोणत्या माहितीनें त्याचा युक्तिवाद बळकट होईल व कोणत्या माहितीनें लंगडा पडेल, असें विचारितात. अमेरिकेंतील कायदेशाळांची ‘एलसॅट’ नांवाची परीक्षा सन १९४८ पासून चालू आहे. तिनेंहि ऑगस्ट २०२४ पासून कोड्यांचा विभाग गाळून त्या जागीं असल्याच युक्तिवादाच्या प्रश्नांचा आणखी एक विभाग घातला.

पहिल्या दिवशीं आम्हीं २४ प्रश्नांची एक सरावपत्रिका मोठ्या ऐटींत सोडविली. उत्तरें पडताळून पाहिलीं, तों तेरा चुकलेलीं! उत्तरांची यादीच चुकीची छापली असावी, असा आमचा पहिला तर्क झाला. तोहि चुकला. 

मग आम्हीं ‘चुकांची वही’ घातली. प्रत्येक पानावर मधोमध एक उभी रेघ ओढली. डावीकडे ‘उताऱ्यांत काय लिहिलें होतें’ तें लिहावयाचें, आणि उजवीकडे ‘आम्हीं काय वाचलें’ तें. महिन्याभरांत वही भरत आली, तेव्हां एक चमत्कारिक गोष्ट दिसून आली. उताऱ्यांत ‘कांहीं शेतकरी’ असत, तेथें आम्हीं ‘बहुतेक शेतकरी’ वाचलेले असत. ‘असें होऊं शकतें’ असें लिहिलेलें असे, तेथें आम्हीं ‘असें होतेंच’ धरून चाललेलों असूं. चार पर्यायांपैकीं जो आमच्या मतास अनुकूल, तो आम्हांस सिद्ध झालेला वाटे. मग उताऱ्यांत त्यास आधार असो वा नसो. प्रश्न कठीण होते म्हणून चुकत होते, असें क्वचितच घडलें. बहुतेक वेळां आम्हीं पदरचें कांहीं तरी घातलेलें असे.

एक चूक तर आमच्या हातून पुनःपुन्हां होई. ‘कायद्याची पदवी असल्यावांचून वकिली करितां येत नाहीं, अमक्यापाशीं ती पदवी आहे, म्हणून तो वकिली करूं शकतो,’ असें कोणीं म्हटलें तर तें कानास गोड लागतें. परंतु १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाप्रमाणें राज्याच्या बार कौन्सिलांत नांव नोंदविल्याखेरीज वकील होतां येत नाहीं. पदवी आवश्यक आहे, पुरेशी नाहीं. आपल्या न्यायशास्त्रांत हा धडा फार जुना आहे. डोंगरावर धूर दिसला तर तेथें अग्नि आहे, असें अनुमान खुशाल करावें. परंतु अग्नि आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असें म्हणूं नये. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, पण धूर नसतो. धूर निघावयास अग्नीला ओल्या सरपणाची जोड लागते. या न दिसणाऱ्या जोडीला नैयायिकांनीं ‘उपाधि’ असें नांव दिलें आहे. आमच्या वहीच्या उजव्या बाजूस असलींच ओलीं सरपणें रचलेलीं होतीं. आम्ही तीं पाहावयास विसरलों होतों.

उतारे इंग्रजींत असत. ते खरोखर समजले कीं नाहीं, हें पाहाण्यासाठीं आम्हीं एक युक्ति काढिली. रात्रीं जेवणें आटोपल्यावर आजी वाती वळीत बसे. तिच्यापुढें बसून उताऱ्याचें सार दोन वाक्यांत मराठींत सांगावयाचें. एका रात्रीं आम्हीं सांगितलें, “एका शहरांत रस्त्यावर नवे दिवे लावले. त्या वर्षीं चोऱ्या कमी झाल्या. म्हणून दिव्यांमुळें चोऱ्यांस आळा बसला.”

आजीनें वात खालीं ठेविली. “अरे, दिव्यांमुळेंच बसला, हें तुला कोणीं सांगितलें? त्याच वर्षीं पोलिसांची गस्तहि वाढली असेल. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गांठ पडली, म्हणून काय कावळ्यानें फांदी मोडली?”

पत्रिकेंत बरोबर उत्तर म्हणून गस्तीचाच पर्याय दिलेला होता. आजी शाळेंत चौथीपर्यंत शिकलेली. त्या दिवसापासून ‘हें तुला कोणीं सांगितलें?’ हा तिचा प्रश्न आम्हीं वहीच्या मुखपृष्ठावर लिहून ठेविला. आमचे गुण हळूहळू वाढूं लागले. २४ पैकीं १९, कधीं २० उत्तरें बरोबर येऊं लागलीं, आणि गेलेला अभिमान दुप्पट होऊन परत आला.

एवढें सारें शिकत असतां आम्हीं घरांत काय केलें, तें आतां सांगितलें पाहिजे.

आमचा धाकटा भाऊ जून २०२४ मध्यें आठवींत गेला. त्याच महिन्यांत आमचा जुना मोबाइल त्याला मिळाला. ऑक्टोबरांत सहामाहीचा निकाल लागला. सातवींत गणितांत ८४ गुण मिळविणाऱ्या मुलाला ४३ मिळाले, आणि विज्ञानांत ४६. बाबा प्रगतिपुस्तक हातांत घेऊन चिंतेंत बसले होते. आजी दसऱ्यापासून आत्याकडे गेली होती. आम्हीं पुढें होऊन सर्व प्रकरण त्यांच्यापुढें मांडलें. मोबाइल केव्हां आला, गुण केव्हां उतरले, मुलें मोबाइलवर किती वेळ दवडतात, हें सर्व मुद्देसूद सांगितलें. आमचें बोलणें इतकें बिनतोड झालें कीं, बाबांनीं तेव्हांच मोबाइल कपाटांत बंद केला आणि संध्याकाळचें क्रिकेटहि थांबविलें. भाऊ खालीं मान घालून बसला होता. तो एक शब्दहि बोलला नाहीं. त्याचें न बोलणें ही आम्हीं अपराधाची कबुलीच समजलों.

महिन्याभरानें आजी परत आली. परीक्षा १ डिसेंबरला होती; पंधरा दिवस राहिले होते. घरांतील बदल तिच्या ध्यानांत आला, आणि तिनें आम्हांस कारण विचारलें. आम्हीं तेंच भाषण पुन्हां केलें. ती शांतपणें म्हणाली, “मोबाइलमुळेंच, हें तुला कोणीं सांगितलें?”

आमच्याजवळ उत्तर नव्हतें. त्या रात्रीं एक सरावपत्रिका सोडवावयाची होती, ती बाजूस ठेवून आम्हीं भावाचें प्रगतिपुस्तक मागून घेतलें आणि एखाद्या उताऱ्याप्रमाणें वाचलें. गणित व विज्ञान यांतच गुण उतरले होते. मराठी, हिंदी, इंग्रजी, इतिहास यांत ते जवळजवळ होते तसेच होते. मोबाइल हें कारण असतें, तर त्यानें इतिहासावर एवढी कृपा कां केली असती? जेथें कारण आहे तेथें कार्य असावें, आणि जेथें कारण नाहीं तेथें कार्य नसावें; अन्वय आणि व्यतिरेक या दोन कसोट्या आम्हांस तोंडपाठ होत्या. मग गणित आणि विज्ञान या दोघांत असें काय आहे, कीं जें इतिहासांत नाहीं? पुष्कळ वेळानें आमच्या लक्षांत आलें कीं, इतिहास व भाषा पुस्तकावरून शिकवितात, आणि गणित व विज्ञान फळ्यावर.

भाऊ जागाच होता. वर्गांत कोठें बसतोस, असें आम्हीं त्याला विचारलें.

“शेवटच्या बांकावर. जूनमध्यें उंचीप्रमाणें बसविलें, तेव्हांपासून.”

“फळ्यावरचें दिसतें का?”

“पुसट दिसतें, दादा. आधीं वाटलें, मागून सगळ्यांनाच तसें दिसत असेल. मग सांगणार होतों.” थोडें थांबून तो म्हणाला, “पण त्या रात्रीं तूंच बोलत होतास.”

दुसऱ्या दिवशीं बाबा त्याला नेत्रतज्ज्ञांकडे घेऊन गेले. दोन्ही डोळ्यांस दुरचा नंबर निघाला. उन्हाळ्यांत तो एकाएकीं उंच झाला होता, म्हणून त्याला मागें बसविलें; आणि ज्या महिन्यांत मोबाइल आला, त्याच महिन्यांत बांक बदललें. दोन गोष्टी एकाच वेळीं घडल्या होत्या. त्यांतील आम्हांस जी आवडली नव्हती, तिला आम्हीं अपराधी ठरविलें. घरीं आल्यावर बाबांनीं कपाट उघडून मोबाइल त्याच्यापुढें ठेविला. “माझीहि चूक झाली रे,” एवढेंच ते बोलले. आम्हांस तेवढेंहि बोलतां आलें नाहीं. तें बोलण्यास आणखी दोन दिवस लागले.

दुसऱ्या पक्षाचें म्हणणें ऐकल्यावांचून निवाडा देऊं नये, हा नैसर्गिक न्यायाचा मूळ नियम आहे. कायदेविषयक तर्काच्या प्रश्नांत त्यावर उतारे येत, आणि आमचीं उत्तरें बरोबर येत. चार पर्याय समोर छापलेले असले म्हणजे तो पाळणें सोपें जातें. घरांत पर्याय कोणी छापून देत नाहीं. जो बोलण्यांत चतुर, त्याचाच पर्याय तेवढा सर्वांपुढें राहातो. वादांत हार न जाणें हा आम्ही वकिलीचा गुण समजत होतों; त्याच गुणामुळें एका तेरा वर्षांच्या मुलानें महिनाभर विनाकारण शिक्षा भोगली.

परीक्षा झाली. मनांतलें विद्यापीठ मिळालें नाहीं. पसंतीक्रमांतील चौथें मिळालें, आणि तेथें आम्ही आतां शिकत आहों. वार्षिक परीक्षेंत भावाला गणितांत ७८ गुण मिळाले. चष्म्यामुळेंच मिळाले, असें येथें लिहिण्याचा मोह होतो. परंतु त्याच सुमारास वर्गशिक्षकांनीं त्याला दुसऱ्या बांकावर बसविलें, आणि बाबा रोज रात्रीं तासभर त्याच्याजवळ बसूं लागले. तिहींपैकीं कशाचा वांटा किती, हें आम्हांस सांगतां येणार नाहीं.

या शाळेंतील ज्या मुलामुलींस पुढें अशी परीक्षा द्यावयाची असेल, त्यांनीं सरावपत्रिका तर सोडवाव्याच. पण आपल्या चुका दोन रकान्यांत लिहाव्या. काय लिहिलें होतें तें एकीकडे, आणि आपण काय घातलें तें दुसरीकडे. आणि पालकांस विनंति एवढीच कीं, प्रगतिपुस्तकावर निकाल देण्यापूर्वीं ज्याचें तें पुस्तक आहे त्याला आधीं बोलूं द्यावें.

आमची ती वही आम्ही विद्यापीठांत येतांना बरोबर आणिली आहे. तिच्या शेवटच्या पानावर एकच नोंद आहे, आणि ती कोणत्याहि सरावपत्रिकेंतली नाहीं. डावीकडे लिहिलें आहे, ‘गणितांत ४३, विज्ञानांत ४६.’ उजवीकडे लिहिलें आहे, ‘मोबाइलमुळें.’